इन्व्हरलॉयची शीना

दुबईत अल कुसैसच्या एका क्लिनिकमध्ये मी रक्त तपासते. भुताखेतांच्या गप्पा माझ्यापुढे चालत नाहीत. तरीही सत्त्याण्णव साली मी एका बाईवर अशी जळले की विचारू नका. आणि ती बाई होती कॅसेटमध्ये!

माझा नवरा उल्हास रास अल खोरच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. त्याचा मॅनेजर मॅकरे रिटायर होऊन स्कॉटलंडला परतला, तेव्हा जाताना उल्हासला कॅसेट्सचा डबा देऊन गेला. इन्व्हरलॉय नावाच्या टीचभर गावाचा फुटबॉल क्लब. तिथल्या हॉस्पिटलमधल्या पेशंटसाठी कोणीतरी सामन्याचं धावतं वर्णन करायचं, आणि मॅकरेचा भाऊ ते टेप करून इकडे पाठवायचा.

शुक्रवारी जेवण झालं की उल्हास टेप लावून बसायचा. मध्यंतराला उठून खुर्ची बाल्कनीकडून दाराकडे न्यायचा.

"आता आपण तिकडच्या गोलवर चढाई करणार. अख्खं गाव बाजू बदलतं. खाटीक, पोस्टमन, सगळे."

"आपण? अरे, तू चिपळूणचा!"

तो हसायचा. सुरुवातीला मीही हसायचे.

मग गर्दीतून शीना ऐकू यायला लागली. मैदानावर चहा आणि मटण पॅटिस विकणारी.

"तिचा चहा काय कडक असतो!" उल्हास एकदा म्हणाला.

"तुला काय माहीत?"

त्यानं टेपचा आवाज वाढवला. माझ्या चहाला लग्नापासून कधी बरा म्हणाला नव्हता मेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ऑगस्टमध्ये, बाहेर रस्ता भाजत असताना, टेप संपल्यावर त्याचे हात गारठलेले लागायचे. मी एसी बंद करून पाहिला. हात तसेच. वर शर्टाला ओल्या गवताचा वास.

पुढच्या शुक्रवारी शीनानं टेपमधून स्पष्ट विचारलं, "उल्हास, शुगर?"

मॅच एकोणनव्वद सालची होती. उल्हासनं मान हलवली.

शेजारच्या अजराला ती टेप ऐकवली. तिला नुसती गर्दीच ऐकू आली.

"सवत समोर असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या," मी म्हणाले. अजरा पोट धरून हसली. मला रडू येत होतं. मला माझा नवरा परत हवा होता.

नंतरच्या शुक्रवारी त्याला कोथिंबीर आणायला पिटाळलं. कॅसेटवर पुन्हा रेकॉर्ड करता यावं म्हणून तिच्या वरच्या भोकांवर चिकटपट्टी लावली, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि मध्यंतरावर माझा आवाज भरला. "उल्हास, पुरे झालं. घरी ये." खलास शीना!

रिवाइंड करून ऐकलं.

माझा आवाज आला. त्याच्यामागे पाऊस, माणसं.

"हू इज दॅट कॉलिंग यू?" शीनानं विचारलं.

टेपमध्ये उल्हास हसला. लग्नानंतर पहिल्या वर्षी हसायचा, तसा.

"नो आयडिया," तो म्हणाला.

मी टेप बंद केला.

बेल वाजली. किल्ली तर त्याच्या खिशात होती.

मी दार उघडलं. उल्हासच. हातात कोथिंबीर. त्यानं चपला बाहेरच काढल्या, आमच्या लग्नाच्या फोटोवरून नजर फिरवली आणि दाराजवळच्या खुर्चीत अवघडून बसला.

"उल्हास, असं काय करतोयस?"

तो ओशाळून उठला.

"सॉरी वहिनी," अदबीनं म्हणाला, "मिस्टर घरी नाहीत का?"