चेंडू न उसळणारा कोपरा

"भूत चेंडू खातं म्हणे! टाक बघू पुन्हा!" वंदना म्हणाली.

विजयने तिचा सुपरबॉल सिमेंटच्या ओट्यावर सोडला. टण्ण! चेंडू थेट त्याच्या नाकापर्यंत आला. मग दोन पावलं सरकून त्याने तो कोपऱ्यात सोडला. धप्प! जेमतेम घोट्यापर्यंत उसळला अन् मेला.

भर दुपारची वेळ. भोपाळमधल्या त्या कारखान्याच्या वसाहतीत कूलरची घरघर तेवढी चालू होती, बाहेर चिटपाखरू नव्हतं. वंदनाच्या अंगावर सर्रकन काटा आला. 'त्या कोपऱ्यात भूत आहे, फिरकू नका,' असं वसाहतीच्या दुरुस्तीखात्यातल्या गोपीनाथकाकांनीच बजावलं होतं. अन् वसाहतीतलं उन्हाळी शिबिर घेणाऱ्या शकुंतलाबाईंनी आज संध्याकाळी लेझीम ठेवलं होतं ते नेमकं तिथेच! कोपऱ्यात पहिला उभा राहणार होता वंदनाचा सहा वर्षांचा भाऊ अच्युत.

"चल ना यार, घरी जाऊ," विजय कुजबुजला.

"थांब रे! बाबा काय म्हणाले होते? साठच्या दशकात अमेरिकेतल्या एका रसायनतज्ज्ञाने कृत्रिम रबर प्रचंड दाबाखाली घडवलं, त्यातून हा चेंडू निघाला. आपटल्यावर दबतो अन् साठवलेली बहुतेक ताकद परत देतो. मग इथे ती ताकद जाते कुठे?"

"भुताच्या पोटात!"

"जमीन दबत असेल तर जमिनीत!" तिने हात लांब करून काठीने कोपऱ्यात ठोकलं. खालून घुमल्यासारखा आवाज आला. दोघंही दचकून मागे सरली.

संध्याकाळी वंदनाने शकुंतलाबाईंना सगळं सांगितलं, तेव्हा तिथेच असलेले गोपीनाथकाका मोठ्याने हसले. "पोरांचं काय ऐकता बाई! एकदम पक्कं काम आहे."

"मग काका, तुम्हीच उभे राहा ना तिथे!" वंदना म्हणाली.

काकांचं हसू मावळलं. पाऊल काही पुढे पडेना.

"गोपीनाथ?" बाईंचा आवाज चढला.

"जुनी रिकामी टाकी आहे, बाई. झाकण फुटलं होतं. साहेब पाहणीला येणार म्हणून पत्रा टाकून वर सिमेंट फिरवलं. पोरं जाऊ नयेत म्हणून भुताचं सांगितलं..."

बाईंनी मुलांना लांब नेलं. काकांनी दुरूनच पहार आपटली. कडाडकन तडा गेला, पत्रा खाली कोसळला अन् काळंकुट्ट भगदाड पडलं. विजयच्या हातून चेंडू सुटला, तो घरंगळत आत गेला.

क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग पार खालून आवाज आला. टण्ण... टण्ण... टण्ण...

"शाबास गं पोरी!" शकुंतलाबाईंनी वंदनाच्या पाठीवर थाप दिली. "आज केवढा अनर्थ टळला!"

"ताई, आपला चेंडू!" अच्युत रडवेला झाला.

"जाऊ दे," वंदना म्हणाली. तिने त्याचा हात इतका घट्ट धरला होता की तो ओरडला, तरीही तिने सोडला नाही.