रंगीत मीठ

पिशवीचा बंद तुटला आणि बावीस रिकाम्या बरण्या चर्चच्या उतारावरून खाली निघाल्या.

सकाळपासून ओला बर्फ भुरभुरत होता. रस्त्यावर त्याचा मऊ थर साचला होता म्हणून एकही फुटली नाही. तेमेनुगा एक हात टोपीवर ठेवून त्यांच्यामागे धावली. उताराच्या तळाशी निळ्या मिनीबसला टेकून एक उंच माणूस उभा होता. त्याने एक बरणी बुटाने अडवली, दुसरी गुडघ्याने, तिसरी वाकून हाताने.

"सगळ्या मिळून कुठे निघाल्यात?"

"पळून चालल्यात," ती धापा टाकत म्हणाली. "त्यांचं माझ्याशी पटत नाही."

"मग अशा धरून देणं बरोबर नाही. आधी त्यांची बाजू ऐकायला हवी..."

तेमेनुगाला हसू आलं. त्याच्या पापण्यांवर बर्फाचे कण होते आणि तो ते पुसत नव्हता. एकेक करून त्याने एकवीस बरण्या तिच्या हवाली केल्या. बाविसावी मात्र कोटाच्या खिशात घातली.

"हिची तक्रार मोठी आहे. हिला मी आसरा देतोय."

"आणि मला ती हवी असली तर?"

"तर कुठे आणून देऊ?"

"वाचनालयात. संध्याकाळी पाचला." बोलून गेली, आणि मग तिचे कान तापले. वाचनालय तिच्याच ताब्यात होतं खरं, पण अनोळखी माणसाला असं बोलावणं...

तो पाचला पाच कमी असतानाच बरणी घेऊन आला. नाव मोमचिल.

आत शेगडीभोवती आठ म्हातारी माणसं बसली होती. त्रोयान या डोंगराळ गावातल्या बहुतेक घरांतली मुलं परदेशी. कुणाचा मुलगा माद्रिदला, कुणाची सून व्हॅलेन्सियाला. नाताळात त्यांना काहीतरी पाठवायला हवं, आणि पेन्शनीत दुकानातलं काही परवडत नाही. म्हणून तेमेनुगाने हा घाट घातला होता, घरात असेल त्यातूनच भेटी करायच्या. जुन्या सदऱ्यांच्या थैल्या शिवून त्यांत लिंडनची सुकी फुलं भरायची. अक्रोडाच्या अर्ध्या कवचात मेण ओतून इवल्या मेणबत्त्या करायच्या. आणि रंगीत मीठ! तांबडी मिरची, भाजलेला मका, मेथी आणि चुब्रित्साचा सुका, झणझणीत वासाचा पाला. सगळं वेगवेगळं मिठाबरोबर कुटून बरणीत थरांवर थर लावायचे. पावाला लोणी फासून वर हे मीठ भुरभुरवलं की परदेशातला माणूससुद्धा क्षणभर आपल्या ओट्यापाशी येऊन उभा राहतो.

स्तोयना आजीने मोमचिलला आपादमस्तक न्याहाळलं.

"खल जड आहे रे. दंडात काही आहे, की नुसता कोटच भारी?"

"बघा तर खरं, आजी."

त्याने बाही वर केली आणि मेथी कुटायला घेतली. आजी डोळे मिचकावत म्हणाली, "तेमा, ह्याला उद्याही बोलव. मेथी अजून पुष्कळ आहे."

त्याची मिनीबस सुट्या भागांसाठी अडून पडली होती, म्हणून तो रोज येऊ लागला. नऊ संध्याकाळी. आठ माणसांत त्याचा आवाज नववा झाला, आणि तेमेनुगाला पाच वाजायच्या आधीच दाराचा कडीकोयंडा ऐकू यायला लागला... वाजला नसला तरी.

एकदा मिरचीचे थर भरताना तिच्या नाकाला तांबडी पूड लागली. त्याने रुमाल काढला, थबकला...

"पुसू?"

"डोळ्यांत जाईल."

"माझ्यावर एवढाही भरवसा नाही का तुला?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. रुमाल नाकावरून हलकेच फिरला. शेगडीत एक लाकूड तडकलं. समोरच्या बाकावर स्तोयना आजीने सुईत दोरा ओवायचं सोंग फार वेळ चालू ठेवलं.

"चाखून बघ," तेमेनुगाने पावाचा तुकडा त्याच्यापुढे धरला.

"झालं! आता खाल्ल्या मिठाला जागावं लागणार मला."

"जागशील?"

"जन्मभर," तो म्हणाला, आणि हसायचं विसरला.

तिचा जीव सुखावत होता, तेवढ्यात पेंचो आजोबांनी विचारलं, "मग गाडी कधी सुटायची व्हॅलेन्सियाला? आमचे खोके तुझ्याच गाडीने जाणार ना?"

"शुक्रवारी सकाळी, आजोबा. तिकडचीच तर फेरी आहे माझी."

तेमेनुगाचा हात बरणीवरच थांबला.

सगळे गेल्यावर तो लाकडं रचायला मागे राहिला. ती खिडकीकडे तोंड करून उभी होती.

"तू सांगितलं नाहीस."

"काय? ड्रायव्हर आहे ते? गाडीला टेकून उभा होतो की..."

"मी अकरा वर्षांची होते, तेव्हा माझी आई व्हॅलेन्सियाला गेली. संत्र्यांच्या हंगामापुरती. चौदा वर्षं झाली, तो हंगाम काही संपला नाही. दोनदा आली, पाहुण्यासारखी. दर नाताळात पार्सल येतं. मी उघडत नाही." ती काचेवर बोट फिरवत राहिली. "जाणाऱ्या माणसात जीव गुंतवायचा नाही, एवढं शिकलेय मी."

"मी जातो, पण परत येतो, तेमा. दर पंधरवड्याला."

"तीही येणारच होती."

त्याने हातातलं लाकूड खाली ठेवलं. मग जरा चाचरत म्हणाला, "नाव काय त्यांचं?"

"नेवेना."

"हनुवटीवर... इथे तीळ आहे? तुझ्यासारखाच?"

ती वळली.

"व्हॅलेन्सियाला मी खोके उतरवतो तिथे दरवेळी एक बाई येते. सगळ्यांचं वाटप होईपर्यंत बाजूला उभी राहते. मग विचारते, 'नेवेनासाठी काही आहे का? त्रोयानहून?' काहीच नसतं. मग मलाच समजावते. 'असू दे रे, इकडून जात होते म्हणून विचारलं.'" त्याने मान खाली घातली. "दोन वर्षं ऐकतोय. ती तुझी आई असेल, हे आत्ता कळलं."

"मग मी काय करू?" तेमेनुगाचा आवाज चिरकला. "तिच्यासाठी रडू? माझ्यासाठी कोण उभं राहिलं होतं थांब्यावर?"

त्याने उरलेली लाकडं रचली. कोट घातला, दार हळूच लोटून घेतलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. गाडी दुरुस्त झाली होती. तेमेनुगाने दुपारी वाचनालयात एकटीने खल पुढे ओढला. कुटता कुटता राग येत होता, म्हणून मिरची फारच बारीक झाली. पिवळा थर, हिरवा, तांबडा, मग पुन्हा पिवळा. चिठ्ठी लिहिली, फाडली. दुसरी लिहिली, तीही फाडली. चार ओळींत चौदा वर्षं कशी मावणार? आणि आई तिथे बाजूला उभी राहून चिठ्ठी वाचणार, मग कुणाकडे बघणार?

शुक्रवारी सकाळी चौकात ऊन पडलं होतं. छपरांवरचा बर्फ ठिबकत होता आणि सगळा चौक जणू पुटपुटत होता. म्हातारे आपापले खोके छातीशी धरून रांगेत उभे होते. मोमचिल एकेक घेऊन रचत होता. "हा वरच ठेव हं," "ह्यात मेणबत्त्या आहेत," "माझ्या नातीला सांग, मेथी आजीनं कुटली"... आणि तो प्रत्येकाला "हो आजी, सांगतो आजी" करत होता. त्याचे डोळे मात्र वाचनालयाच्या रस्त्याकडे होते.

ती सगळ्यांत शेवटी आली. हातात लहानसा खोका, खांद्याला पिशवी.

त्याने खोका उलटसुलट पाहिला. "यावर पत्ता नाही."

"लागणार नाही. मीच घेऊन चाललेय." तिने श्वास घेतला. "वाचनालय नवीन वर्षापर्यंत बंद आहे. जागा आहे का गाडीत?"

मोमचिलने तोंड उघडलं. पण उत्तर स्तोयना आजीने दिलं.

"पुढेच बस गं पोरी! मागे बसलीस तर घाटात पोटात ढवळेल. आणि ह्याच्यावर नजरही राहील."

तेमेनुगा पुढच्या सीटवर बसली. खोका मांडीवर, दोन्ही हात त्यावर. तो स्टिअरिंगमागे येऊन बसला, पण गाडी सुरू करेना.

"भेटल्यावर काय बोलशील त्यांच्याशी?"

"माहीत नाही. आधी पाव विकत घेऊ. मग मीठ उघडू. मग... बघू."

"आणि पुढे?"

"पुढे काय! पंधरवड्याला परत येणारा एक माणूस आहे म्हणतात. त्याच्याबरोबर परत येईन."

किल्ली त्याच्या बोटांत नुसतीच फिरत राहिली.

"तेमा... रस्ता लांबचा आहे, वळणंही पुष्कळ. म्हणून निघायच्या आधी सरळच विचारतो. मी तुला आवडतो?"

समोरच्या काचेवर बर्फाचं पाणी ओघळत होतं आणि त्यातून सगळं गाव सोनेरी, विरघळल्यासारखं दिसत होतं. तेमेनुगाने त्याच्याकडे पाहिलं आणि मान डावीकडून उजवीकडे हलवली. हळूच, दोनदा.

त्या मुलखात नकाराला मान खाली-वर होते, आणि होकाराला आडवी.

मोमचिलच्या हातातली किल्ली पायांपाशी पडली, आणि बाहेर हात हलवत उभ्या असलेल्या आठ म्हाताऱ्यांना गाडी सुटायची बराच वेळ वाट पाहावी लागली.