पार्कातल्या हॉटेलातली दुपारची झोप

थप... थप... थप...

दुपारच्या सामसूम घरात आवाज आला तो एवढाच. मऊ पांघरुणावर कुणाचा तरी तळहात पडावा, तसा.

त्या घरची धाकटी सून ओट्याशी उभी होती. हातात ओला डबा, खांद्यावर फडकं. डबा पुसायचा राहून गेला.

कारण घरात त्या दोघीच होत्या. ती, आणि आतल्या खोलीत झोपलेली तिची लेक ठमी.

हा आवाज तिने याआधी एकदाच ऐकला होता. आठ महिन्यांपूर्वी. घरापासून सहा तासांच्या अंतरावर... एका दाराच्या फटीतून.

भुताखेतांचं रात्रीशीच काय ते नातं, असं आपण धरून चालतो. तेव्हाचं ते घडलं भर दुपारी, पावणेतीनच्या सुमाराला, खिडकीबाहेर लख्ख ऊन असताना आणि आकाशपाळण्यातली पोरं किंचाळत असताना. यात पदरचं काही घातलेलं नाही. धाकटीचा नवरा कुलपं बसवायचं काम करतो. हलवून बघितल्याशिवाय तो एका खिळ्यावरही विश्वास ठेवत नाही. त्यानेही यातला एक शब्द आजवर खोडलेला नाही.

झालं ते असं.

धाकटी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. सकाळी सातला घर सोडायचं, संध्याकाळी पाचला परत. साडेतीन वर्षांची ठमी दिवसभर पाळणाघरात. आणि ठमीची एक खोड होती. थोपटल्याशिवाय तिला झोप येत नसे. तेही कसंही थोपटून चालायचं नाही. पाठीवर, सावकाश, तीन थापा. मग जरा थांबायचं. मग पुन्हा तीन.

पाळणाघरातल्या बाई म्हणायच्या, "तुमची ठमी सगळ्यांत शेवटी झोपते हो. माझा हात तिला चालत नाही."

हे धाकटीच्या डोक्यातून जायचं नाही. दुसऱ्यांच्या रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवताना तिचा हात टेबलावर आपोआप पडायचा. तीनदा.

मग ती सहल ठरली. मोठमोठ्या पाळण्यांचं पार्क, तीन दिवस. सोबत नणंद आणि तिची दोन मुलं. मुक्काम कुठे करायचा, यावर घरात आठवडाभर खल चालला.

"बाहेरच्या हॉटेलात राहू," नवरा म्हणाला. "दोन खोल्या, शेगडी, पार्कापर्यंत बस. ताईने तिथेच घेतलंय. पार्काच्या आतल्या हॉटेलात एवढीशी खोली आणि नुसता भपका."

"बसला अर्धा तास लागतो. दुपारी ठमीला झोपायला परत कशी आणणार?"

"नाही झोपली एक दुपार, तर आभाळ कोसळेल?"

फोनवर असलेल्या नणंदेला राहवलं नाही. "अगं, झोपायला एवढ्या लांब जायचं? झोप घरी फुकट मिळते की!"

सगळे हसले. धाकटीही हसली. पण हट्ट तिने सोडला नाही. घरी तिला सगळं मिळत होतं, ही एक झोप सोडून. लेकीला कुशीत घेऊन दुपारी आडवं व्हायचं, हे सुख तिच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. तीन दुपारी हव्या होत्या तिला. तीनच.

शेवटी तिने खोली स्वतःच्याच नावावर घेतली. पार्कातल्या हॉटेलात.

खोली छान होती. जाड पडदे, पांढरी चादर, भल्यामोठ्या पलंगावर चिमूटभर ठमी. बाहेर लांबलचक बोळ, त्यावर असा गालिचा की स्वतःचंच पाऊल वाजत नव्हतं. नवऱ्याने सामान ठेवलं आणि आधी दाराची कडी हलवून पाहिली. स्टीलची, जाड, त्याच्या खांद्याच्या उंचीवर बसवलेली.

"लोक हॉटेलात आले की खिडकी बघतात. तू कडी बघ," धाकटी म्हणाली.

"पक्की आहे. ही आतून लावली की बाहेरून दार दोन बोटांपलीकडे उघडत नाही."

हे वाक्य तिला पुढे फार आठवलं.

पहिलीच दुपार. नवरा आणि नणंद मुलांना घेऊन पाळण्यांकडे गेले. धाकटी ठमीला घेऊन खोलीवर आली. पडदे ओढले. कुशीवर घेतलं.

थप, थप, थप. थांब. थप, थप, थप.

"आई, तू ऑफिसला नाही ना जाणार?"

"नाही गं सोन्या. आज कुठेच नाही."

दोन वाजायच्या आत ठमी झोपली. ओठ उघडे, मूठ आईच्या कुर्त्यात. धाकटी तिच्याकडे बघत पडून राहिली. किती दिवसांनी तिचे खांदे सैल झाले होते.

आणि खोलीतला फोन वाजला.

खालच्या काउंटरवरून होता. संध्याकाळच्या खेळाचे पास तयार आहेत. हॉटेलातल्या पाहुण्यांनाच मिळतात. तीनच्या आत न्यावे लागतील आणि खोली ज्यांच्या नावावर आहे, त्यांनीच यायचं.

नणंदेची मुलं त्या खेळासाठी महिनाभर उड्या मारत होती. धाकटीने नवऱ्याला मोबाइल लावला. तो पाळण्याच्या रांगेत होता.

"मग जा की. दहा मिनिटांचं काम."

"आणि हिला?"

"झोपलीय ना? फोन असाच चालू ठेव, उशीपाशी. मी ऐकत राहतो. जरा कुरकुरली तरी पळत येतो. पाच मिनिटांवर तर आहे. त्यासाठीच घेतलं ना आपण आतलं हॉटेल?"

बोलणं पटण्यासारखं होतं. खरं तर ते पटायला नको होतं.

तिने फोन उशीजवळ ठेवला. कुर्त्यातली मूठ अलगद सोडवली. पाठीवर तीन थापा दिल्या आणि कानाशी पुटपुटली, "आले हं मी."

दार आपोआप लागलं. तिने बाहेरून एकदा ढकलून पाहिलं. मग निघाली.

खाली खिडकी एकच, आणि रांग मारुतीच्या शेपटासारखी. पुढच्या बाई पास कमी पडले म्हणून भांडत होत्या. दहाची वीस मिनिटं झाली. समोर घड्याळ होतं. धाकटी त्याच्याकडे बघायची, मग बघायचं नाही असं ठरवायची, मग पुन्हा बघायची. नवरा ऐकतोय, ती स्वतःला सांगत होती. तो ऐकतोय.

पास हातात आले तेव्हा पावणेतीन वाजायला आले होते. लिफ्ट भरलेली. ती जिन्याने धावली. चार मजले.

बोळात चिटपाखरू नव्हतं. भर दुपारी सगळं जग पार्कात. तिने दाराला कार्ड लावलं. हिरवा दिवा लागला. दांडा दाबला...

दार दोन बोटं उघडलं.

आणि अडकलं.

आतून कडी लावलेली होती.

धाकटीला आधी कळलंच नाही. तिने पुन्हा ढकललं. कडी तिच्या डोळ्यांसमोर होती, स्टीलची, जाड. स्टुलावर चढल्याशिवाय ठमीचा हात तिथे पोहोचला नसता. आणि खोलीत स्टूल नव्हतं.

तेवढ्यात फटीतून आवाज आला.

थप... थप... थप...

मग थांबला.

थप... थप... थप...

तिचाच ताल. अगदी तिचाच.

तिने डोळा फटीला लावला. अंधारात पलंगाचा अर्धा भाग दिसत होता. ठमीचं एक पाऊल. पाठीवरचं पांघरूण. ते पांघरूण दबत होतं... पुन्हा वर येत होतं... पुन्हा दबत होतं.

वर हात मात्र कुणाचाच नव्हता.

"ठमी!"

आवाज थांबला.

खोलीत अशी शांतता पसरली, की जणू कुणीतरी मान वळवून दाराकडे बघतंय.

मग पुन्हा सुरू झाला. पण आता भराभर. मूल उठू नये म्हणून घाबरलेला माणूस थोपटतो ना, तसा. थपथपथप. थपथपथप.

धाकटी दारावर आपटत होती. किती वेळ, तिलाच ठाऊक नाही. बोळाच्या टोकाकडून चादरींची ढकलगाडी घेऊन खोल्या आवरणाऱ्या मावशी आल्या. म्हाताऱ्या, बारीक अंगाच्या. काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही. कमरेच्या जुडग्यातून एक पातळ पट्टी काढली, फटीत सरकवली, दार थोडं मागे ओढलं. कडी खट्‌कन पडली. हात सरावलेला होता. हे काम त्यांनी पहिल्यांदा केलेलं नव्हतं.

आत कुणी नव्हतं.

न्हाणीघरात नाही. कपाटात नाही. पलंगाखाली नाही. ठमी पालथी, गाढ झोपलेली. तिच्या शेजारी चादरीवर खळगा पडला होता, कुणीतरी कुशीवर बराच वेळ पडून राहावं तसा. धाकटीने हात लावला.

खळगा गार होता. नुसता गार नाही... ओलसर गार.

मावशी उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. तिथूनच विचारलं, "मॅडम, मूल एकटं ठेवलं होतं?"

धाकटीने मान हलवली.

मावशींचा आवाज उतरला. "आता नको ठेवूस, पोरी. कुठेच नको. इथे एक आई बाळाला एकटं ठेवून गेली होती. तिला वाटतं की..."

आणि त्या थांबल्या. धाकटीच्या मागे, पलंगाकडे बघत राहिल्या. मग गाडी वळवून चालू लागल्या. धाकटीने दोनदा हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही.

उशीजवळ फोन होता. चालूच. तिने तो कानाला लावला.

"अरे..."

पलीकडून नवरा हळू आवाजात म्हणाला, "झोपली का परत? हात दुखला नाही का तुझा? अर्धा तास थोपटतेयस. पास राहू दे म्हणावं, आपली पोरगी आधी."

"मी... खाली होते. आत्ता बाहेरून दार बडवत होते."

रांगेतला कोलाहल ऐकू येत राहिला.

"चेष्टा नको करू," तो म्हणाला. "तू गेलीस, दार वाजलं, मी ऐकलं. मग ठमी जरा कुरकुरली. मी निघणारच होतो. तर तू म्हणालीस ना, 'आले हं मी'... मला वाटलं, तू परत फिरलीस. तेव्हापासून नुसतं थोपटणंच ऐकू येतंय, दुसरं काही नाही."

त्या संध्याकाळी ते खेळाला गेले नाहीत. सामान उचललं आणि बाहेरच्या हॉटेलात, नणंदेकडे गेले. नणंद एरवी टोमणा मारायची संधी सोडणारी बाई नव्हे. त्या दिवशी तिने धाकटीचा चेहरा पाहिला आणि नुसतं म्हणाली, "ये. माझ्याजवळ झोपा दोघी."

आंघोळ घालताना धाकटीला ठमीची पाठ दिसली. मधोमध लालसर झाली होती. अर्धा तास थोपटून तशी होत नाही. दिवसचे दिवस थोपटलं तर होईल.

घरी आल्यावर नवऱ्याने तसलीच कडी आणून दुकानातल्या दाराला बसवली. दार जोरात आपटून पाहिलं. हळू लोटून पाहिलं. हादरे दिले. चाळीसेक वेळा. कडी एकदाही आपोआप लागली नाही. त्याने ती काढली आणि कुणाला विकलीही नाही.

धाकटीने लॅबमधली दुपार सोडली. सकाळपुरतंच काम घेतलं. ठमीची दुपारची झोप आता रोज तिच्या कुशीत. आठ महिने ती लेकीला झोपेत एकटी सोडून उठली नाही. घसा कोरडा पडला तरी नाही. दाराची घंटा वाजली तरी नाही.

आज उठली. ठमी गाढ झोपलेली, स्वयंपाकघर दहा पावलांवर, धुतलेले चार डबे पुसायचे. आठ महिन्यांत काही झालं नव्हतं. माणूस कधीतरी सैल पडतोच.

थप... थप... थप...

धाकटी धावली. दहा पावलं, पण संपता संपेनात. दार सताड उघडं होतं. पडदा हलत नव्हता.

ठमी जागी होती. कुशीवर पडून, भिंतीकडे तोंड करून. तिच्यामागे पलंगावर खळगा होता.

धाकटीने तिला उचलून छातीशी धरलं. पोर घामेजलेली होती, पण घाबरलेली नव्हती. तेच धाकटीला सहन होईना.

"कोण होतं गं? ठमे, कोण थोपटत होतं?"

"ती. तिकडची." ठमीने जांभई दिली. "तू उठलीस ना, म्हणून आली."

"पुन्हा आली तर मला हाक मारायची. लगेच. कळलं?"

"का? ती चांगली आहे." ठमीने आईच्या खांद्यावर गाल टेकवला. मग जरा विचार करून म्हणाली, "तू जातेस. ती जात नाही."

धाकटीने तिला अजून घट्ट धरलं. इतकं, की ठमी चुळबुळली. त्या खळग्याकडे बघत, अगदी हळू, ठमीने विचारलं,

"आई... ती सारखी मलाच थोपटते. मग तिच्या बाळाला कोण थोपटतं?"