डिस्कवरचा ठसा

गाडी दिसण्याआधी क्षितिजाला तिच्या जळक्या ब्रेकचा वास आला. कशेळीच्या पुलाअलीकडे चहाच्या टपरीपाशी क्षितिजा उभी होती. तिने घेतलेली ट्रकच्या ब्रेक लायनिंगची खोकी रिक्षावाला मागे रचत होता. तेवढ्यात एक लाल हॅचबॅक अगदी हलकेच सरकत आली आणि कडेला थांबली. पुढच्या दोन्ही चाकांतून निळसर धूर निघत होता.

"पेडल आत जातंय ना?" हातातला कप खाली न ठेवताच तिने विचारले.

दार अर्धे उघडून उतरणारा तरुण तसाच थबकला. "तुम्हाला कसं कळलं?"

"अर्ध्या पुलाला कळलंय. कुठून आलात?"

"पुण्याकडच्या ट्रॅकवरून. आपलीच रोजची गाडी न्यायची, दिवसभर मोकळ्या ट्रॅकवर हवी तशी पळवायची... पाचव्या फेरीला पेडल थेट जमिनीला टेकलं."

"आणि तशीच घेऊन आलात? घाटातून?"

"हळू आणली."

"फार समजूतदार आहात." तिने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले. चेहऱ्यावर धूळ होती, आणि चोरी पकडली गेल्यासारखे हसू. "राहनाळला आमचं गॅरेज आहे. मी रिक्षातून पुढे जाते, तुम्ही पहिल्या गिअरमध्ये मागून या. अंतर ठेवा."

"मी प्रितेश. राहनाळचाच. पाण्याच्या टाकीमागची गोदामं आमचीच."

"म्हणजे शेठ." तिच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. "मग अंतर जरा जास्तच ठेवा, शेठ."

क्षितिजाचे वडील तुळशीराम पंचवीस वर्षे गोदामांवर येणाऱ्या ट्रकचे ब्रेक करत आले होते. क्षितिजाने ऑटोमोबाइलची पदविका घेतली, तेव्हापासून गॅरेजमागच्या, जुने टायर टाकलेल्या शेडवर तिचा डोळा होता. तिथे फक्त मोटारींचे ब्रेक करायचे, स्वतःच्या हिशेबाने आणि स्वतःच्या नावाने. वडिलांना ते धाडस वाटे. प्रितेशची गाडी आत आली, तेव्हा त्यांनी तिला बाजूला घेतले.

"ट्रकवाल्याचं काम चुकलं तर तो येऊन ओरडतो. ट्रॅकवर चुकलं तर ओरडायला माणूस उरत नाही. ही एक गाडी कर. तक्रार न येता गेली तर मागची शेड तुझी. तक्रार आली तर मात्र पुन्हा तो विषय काढायचा नाही."

तिने मान हलवली. प्रितेशचा पुढचा ट्रॅक डे, म्हणजे ट्रॅकवर गाडी पळवायचा दिवस, रविवारी होता. हातात आठ दिवस होते.

प्रितेशच्या मनात मात्र वेगळेच होते. त्याने मोबाइलवर चाकातली डिस्क पकडणाऱ्या कॅलिपरचे एक चित्र उघडून तिच्यापुढे धरले. "असे मोठे कॅलिपर बसवू या. सहा पिस्टनचे, लाल."

"लाल रंगाचा डबा आणून देऊ? स्वस्तात होईल."

"मी गंभीरपणे विचारतोय."

"मीही गंभीरच आहे. गाडी शेवटी टायर थांबवतात, शेठ. तुमच्या टायरना पुरेल एवढी ताकद या ब्रेकमध्ये आहे. ब्रेकना सहन होत नाही ती उष्णता. ब्रेक ऑइल उकळलं, त्यात बुडबुडे झाले, म्हणून पेडल आत गेलं. जास्त तापमान सोसणारं ऑइल, ट्रॅकचे पॅड, ऑइलसाठी स्टीलच्या जाळीचे होज आणि पुढून डिस्कवर वारा आणणाऱ्या दोन नळ्या. बस."

"आणि दिसायला?"

"दिसायला तुम्ही आहात की." बोलून गेल्यावर तिने पान्ह्यांचा ट्रे उगाचच पुन्हा लावला.

नव्या होजमधल्या ऑइलातली हवा काढण्याचे काम दोघांचे असते. एकाने आत बसून पेडल दाबायचे, दुसऱ्याने चाकापाशी बसून हवा जाऊ देणारा निपल सोडायचा. गॅरेजमधली माणसे ट्रकखाली गुंतलेली होती, म्हणून आत प्रितेश बसला. परतीच्या पावसाची एक सर पत्र्यावर वाजत होती. मागच्या डाव्या चाकापाशी वाकलेली ती त्याला आरशात अर्धीच दिसत होती... कानामागे खोवलेली बट, ऑइलने चकाकणारे मनगट.

"दाबा."

"दाबलं."

"धरून ठेवा... खाली जाईल, जाऊ द्या. मी सांगितल्याशिवाय पाय उचलायचा नाही... आता सोडा."

"हे किती वेळा करायचं?"

"बुडबुडे संपेपर्यंत."

"आणि नाहीच संपले तर?"

"तर संध्याकाळपर्यंत बसावं लागेल."

"मला चालेल."

चाकापाशी पान्हा निपलवरून सटकला. मग आवाज आला, नेहमीपेक्षा थोडा मऊ— "दाबा."

शुक्रवारी गाडी तयार झाली. क्षितिजाने एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून दिले: नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून गोदामांच्या मोकळ्या रस्त्यावर ताशी ऐंशी किलोमीटरवरून पंधरापर्यंत आठ वेळा वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचे नाही, त्यानंतर वीस मिनिटे गाडी फिरवत ठेवायची आणि ब्रेक गार होईपर्यंत उभ्या गाडीत पेडलवर पाय ठेवायचा नाही. शेवटच्या ओळीखाली तिने दोन रेघा ओढल्या.

"पाठ करू?" त्याने विचारले.

"पाळलंत तरी पुरे."

शनिवारी सकाळी गाडी परत आली. वेग उतरवताना स्टिअरिंग थरथरत होते. तुळशीराम स्वतः एक चक्कर मारून आले, उतरले आणि टायरवर हात ठेवून म्हणाले, "डिस्क वाकडी झाली. तक्रार आली, क्षितिजा."

तिने चाके काढली, डिस्कला वाकडेपणा मोजणारे डायल गेज लावले आणि डिस्क हाताने हळूहळू फिरवली. काटा जागचा फारसा हलला नाही. मग तिने बॅटरीचा उजेड तिरका पाडला. दोन्ही डिस्कवर एकेक काळपट ठसा होता, हुबेहूब पॅडच्या आकाराचा.

"डिस्क सरळ आहे, बाबा. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरला की त्याचा थर चिकटतो, हा तोच थर आहे." ती प्रितेशकडे वळली. "ब्रेक गरम असताना कुठे थांबला होतात?"

प्रितेशची नजर तुळशीरामांकडे गेली, मग जमिनीकडे. "कुठे नाही."

"नक्की?"

"...नक्की."

"गिऱ्हाईक कशाला खोटं बोलेल?" तुळशीराम म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तेच तिला अधिक लागले. ती खाली बसली आणि गेज पुसून डब्यात ठेवू लागली. डब्याचे झाकण तिला दोनदा लावावे लागले. मागच्या शेडकडे तिने पाहिलेसुद्धा नाही.

"काका," प्रितेश एकदम म्हणाला, "खोटं बोललो मी. थांबलो होतो. तीन मिनिटं."

गॅरेजमधल्या हातोड्या बंद झाल्या.

"फेऱ्या मारून घरावरून चाललो होतो. आई गेटवर तबक घेऊन उभी. रविवारी शर्यत आहे असंच तिने धरलंय. म्हणे, नवं सामान लावलंस, ववाळल्याबिगर जायचं न्हाय. आमच्या दाराला चढण आहे, गाडी मागे सरकते, म्हणून पाय ब्रेकवर. तिने बॉनेटवर कुंकू लावलं, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली..."

"त्याला एक मिनिट पुरतं," क्षितिजा खाली बघतच म्हणाली. "तीन कशी झाली?"

त्याचे कान लाल झाले. "ओवाळता ओवाळता तिने विचारलं, ही क्षितिजा कोन हाय रं? दिसातून चार येला नाव घेतस तिचं. आणि... मला उत्तर सुचेना. पाय तसाच राहिला. हे काकांसमोर कसं सांगणार होतो?"

कोणीतरी ट्रकखाली खोकले. तुळशीराम बराच वेळ हात पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"म्हणजे काम चुकलं नव्हतं," अखेर ते म्हणाले. "मागच्या शेडमधले टायर उद्या हलवतो." दोन पावले जाऊन ते थांबले. "बाकीचं तुमचं तुम्ही बघा. आणि शेठ, या खेपेला हिला सोबत न्या. कागद तुम्हाला पुरत नाही."

तिने डिस्क घासून ठसे काढले, पॅडची तोंडे साफ केली. दुपारी दोघे गोदामांच्या रस्त्यावर गेले. दोन्हीकडे बंद शटर, मध्ये सरळ, कोरडा रस्ता. ऐंशीवरून पंधरा, पुन्हा ऐंशी. आठव्या वेळी स्टिअरिंग त्याच्या हातात पाण्यासारखे शांत होते.

"आता वीस मिनिटं फिरायचं," ती म्हणाली. "थांबायचं नाही."

काच खाली होती. तिची बट वाऱ्याने पुन्हा पुन्हा गालावर येत होती, आणि त्याला समोर बघणे भाग होते. गोदामांना दोन वळसे झाल्यावर तिने विचारले,

"आईंना शेवटी काय सांगितलंत?"

"सांगितलं... तिला विचारून सांगतो."

"मग विचारलं नाहीत अजून."

"विचारायला गाडी थांबवावी लागेल."

"गाडी थांबणार नाही. अठरा मिनिटं आहेत. चालत्या गाडीत विचारा."

त्याने एक वळण घेतले, आणखी एक घेतले. आवाज खाली उतरला. "क्षितिजा... मी तुला आवडतो का? माझ्या घरी येशील—कायमची?"

ती बाहेर पाहत राहिली. एक शटर गेले, दुसरे गेले. "शेड माझी राहील. सकाळी आठला मी तिथे असेन, लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही."

"चावी मी आणून देईन."

"मग आईंना सांग," ती म्हणाली, "ती हो म्हणाली."

प्रितेशने मान वळवून तिच्याकडे पाहिले. त्याचा उजवा पाय आपोआप पेडलकडे गेला.

"पाय काढ," क्षितिजा म्हणाली. तिने हसू लपवले नाही, आणि गिअरवरच्या त्याच्या हातावर आपला हात ठेवला. "अजून सतरा मिनिटं आहेत."