सातव्या मिनिटाला तापणारं विमान

"सहा मिनिटं पूर्ण! सातवं लागलं!" मनगटावरच्या घड्याळाकडं बघत विमल ओरडली.

"तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला! बंद करा काका, जल्दी!" धर्मराज त्याहून मोठ्यानं ओरडला.

नरहरकाकांनी बटण दाबलं. पंखा गचके देत थांबला आणि पत्र्याच्या शेडमध्ये तापल्या तेलाचा वास पसरला. दाराशी शेळ्या घेऊन उभे असलेले पुंजाराम हळहळले.

"आजबी न्हाई उडालं? मंग येतो मी."

ते रोज एवढंच म्हणत आणि रोज न चुकता येत.

विमान मात्र खरंखुरं होतं. राजूरजवळच्या शेतात नरहरकाकांनी ते स्वतःच्या हातांनी बांधलं होतं, अकरा वर्षं खपून. जालन्याच्या एका कारखान्यात फोरमन होते तोवर फक्त रविवारी. निवृत्त झाल्यावर रोज. आणि पाच वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी रमाबाई गेल्यावर, दिवसातून दोनदा.

इंजिन होतं एका चेपलेल्या जपानी मोटारीचं, मुंबईच्या भंगारबाजारातून आणलेलं. "यात पिस्टन वर-खाली नाचत नाही," काका सांगत. "तिकोनी रोटर गरगर फिरतो. इंजिन लहान, ताकद मोठी, आणि संताप त्याहून मोठा!" तो संताप निववायला विमानाच्या पोटात रेडिएटर होता. वारा पुढच्या तोंडातून शिरायचा, रेडिएटरमधून जायचा आणि शेपटीखालच्या वाटेनं बाहेर पडायचा.

"अन् बाहेर न्हाई पडला तर?" धर्मराजच्या धाकट्या बहिणीनं, बेबीनंदानं, विचारलं होतं.

"तर आतही येणार नाही. पहिली पंगत उठल्याशिवाय दुसरी बसते का?"

१९९६ सालची मे महिन्याची सुट्टी होती. विमल जालन्याहून आजोळी आली होती आणि तिघं रोज चार वाजता शेडवर हजर असत. येत्या रविवारी काकांचा पुतण्या भालचंद्र येणार होता. तो औरंगाबादला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. इंजिन वीस मिनिटं सलग चाललं तर विमान कॉलेजात जाणार, मुलं त्यावर शिकणार. नाही चाललं, तर इथंच गंजणार. 'पुन्हा विचारणार नाही', हे त्यानं पत्रात दोनदा अधोरेखित केलं होतं.

आणि आज गुरुवार!

काका चहा टाकायला गेले तशी विमल कुजबुजली, "शेपटीखालची वाट मोकळी आहे का, हे कुणी बघितलंय?"

सर्वांत लहान म्हणून बेबीनंदाला आत सारलं. तिचे दोन पाय तेवढे बाहेर राहिले.

"पोतं हाय! चांगली घडी घालून ठिवलंय!"

पोतं कडब्याच्या गंजीमागं गेलं. शुक्रवारी काकांना चकित करायचं ठरलं. शुक्रवारी तिघंच चकित झाले. काटा पुन्हा सातव्या मिनिटाला लाल रेघेवर! आणि पोतं पुन्हा जागेवर!

"कुणीतरी मुद्दाम घालून राह्यलं," धर्मराज म्हणाला. "पुंजारामतात्याच! त्यांना इमान चाललेलं बघवत न्हाई."

"बिलकुल!" बेबीनंदानं लगेच साक्ष दिली.

"पुरावा पाहिजे," विमल म्हणाली.

शनिवारी भर दुपारी गाव झोपलेलं होतं. शेजारच्या खोलीत काका जेवत होते. तिघांनी पोतं काढलं, गंजीमागं टाकलं आणि विमानाभोवती ज्वारीचं पीठ अगदी पातळ भुरभुरलं. चार वाजता परत आले, तर पोतं जागेवर आणि पिठात ठसे! एक डावी चप्पल, एक उजवी चप्पल आणि शेजारी रुपयाएवढा गोल ठिपका.

"चोराला तीन पाय हायेत!" बेबीनंदाचे डोळे मोठे झाले.

कोणी हसलं नाही. दाराशी काकांची काठी टेकलेली होती. तिचं टोक पांढरं होतं.

काका चहाचे चार कप घेऊन आले. विमलनं पोतं ओढून काढलं आणि त्यांच्या बाजेवर ठेवलं. काकांनी पोत्याकडं पाहिलं, मग खाली पिठाकडं, मग काठीकडं.

"ठसे छान उमटलेत," ते म्हणाले. मग कप खाली ठेवले. "चार वाजले की तुम्ही येता. पुंजारामही येतात, हळहळायला का होईना. विमान गेलं, की चार वाजता नुसतेच चार वाजतील."

चहा थंड झाला.

"मंग उद्या पोतं घालायचं का न्हाई?" धर्मराजनं हळूच विचारलं.

"ते काका ठरवतील," विमल म्हणाली. "आपण बघायचंसुद्धा नाही."

रविवारी भालचंद्र ट्रक घेऊनच आला. इंजिन गरजलं. पाच मिनिटं... सहा... धर्मराजनं डोळे मिटून घेतले.

"सात!" विमल ओरडली. "आठ! नऊ!"

काटा हलला नाही. वीस मिनिटं झाली तरी काटा निवांत होता. काकाही निवांत होते. ते दगडावर पोतं अंथरून बसले होते.

"दोष काय होता?" भालचंद्रनं विचारलं.

"शेपटीत पोतं होतं. मांजरीनं नेलं असंल," बेबीनंदा म्हणाली.

"घडी घालून," धर्मराजनं उगाच भर टाकली. विमलनं त्याच्या पायावर पाय दिला.

"मांजरीनं? घडी?" भालचंद्रनं काकांकडं पाहिलं. काका आभाळाकडं बघत होते. "ते काही असो, शाब्बास! माझ्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांना हे सापडलं नसतं."

संध्याकाळी ट्रक गेला. धूळ खाली बसली. तेलकट शेडमध्ये विमानाच्या आकाराची स्वच्छ जागा तेवढी उरली.

"आता उद्यापासून काय बघायला याल?" काकांनी विचारलं.

"विमान आमचं दोन दिवसांतच बघून झालं होतं, काका," विमल म्हणाली.

"मग तीन आठवडे रोज कशाला येत होतात?"

"घरी समदे आमाला 'गप बसा' म्हणत्यात," बेबीनंदा म्हणाली. "तुमी कवाच न्हाई म्हणत."

काकांनी चप्पल काढली आणि त्या मोकळ्या जागेच्या बरोबर मध्यावर जाऊन बसले.

"या," ते म्हणाले. "इथं वारा चांगला येतो. अकरा वर्षांत कळलंच नव्हतं."