रानगोवरीचा विस्तव

चांद्याच्या सागवानात आग पाचोळ्यातून सरपटत जाते. माणूस तिच्यासोबत चालू शकतो.

मनकर्णाची एक बांगडी फुटली. घरी तिनं सांगितलं, पाणी ओढताना.

दुष्काळ सरल्यावरच्या पावसाळ्यात जिंतूरकडच्या माळांवर गवत कमरेला लागलं.

लिंबाजी तीन दिवस धड जेवला नाही.

या सगळ्याला बांधणारा दोरा एकच... चौऱ्याहत्तरच्या चैत्रातली आग.

त्या दुपारी मनकर्णा माळाखालच्या वावरात होती. धूर दिसला तशी पळसाची फांदी मोडून ती वर धावली. धुरात खाकी शर्टातला एक अनोळखी माणूस एकटाच ज्वाळा झोडपत होता. ती त्याच्या शेजारी उभी राहिली. दोन तास दोघं झोडपत राहिले; त्यातच तिची बांगडी फुटली. आग विझली तेव्हा त्यानं पाण्याची बाटली आधी तिच्यापुढं धरली.

"तुमच्या भुवया जळाल्यात," ती म्हणाली.

"बरा दिसतो का?"

ती हसली — नको असताना हसली.

तो बन्सीधर. महिन्याभरापूर्वी चांद्याहून बदलून आलेला फॉरेस्ट गार्ड.

हसू एका रात्रीपुरतं टिकलं. सकाळी गावभर बोभाटा झाला, की आग लिंबाजीच्या बांधावरून वर चढली आणि गार्ड अहवालात तसंच लिहिणार. आग खालून वरच जाते, असं साहेबलोकही म्हणत होते. लिंबाजी मनकर्णाचा बाप. गुन्हा शाबीत झाला तर त्याला कोठडी आणि गुरांना माळ बंद.

चौथ्या दिवशी सकाळीच तिनं बन्सीधरला माळावर नेलं. हाताला धरून नव्हे, नुसत्या नजरेनं. "ऐका तर—" तो वाटेत दोनदा म्हणाला. तिनं ऐकलं नाही.

"वाकून बघा," तिनं दगड दाखवले. "माथ्याकडच्या अंगानं काळे, वावराकडच्या अंगानं कोरे. आग वरून आली, गार्डसाहेब. तुमच्या रानात काय व्हतं मला ठावं न्हाई. हितल्या गवतातली आग डोंगर न्हाई बघत, वारा बघती. आन् दुपारचा वारा हितं वरून खाली येतो."

वर काय होतं, ते दोघांनाही माहीत होतं. आगीच्या दोन दिवस आधी बन्सीधरनं माथ्यावर गवताचा एक पट्टा स्वतःच जाळून घेतला होता, पुढं वणवा आलाच तर तिथं अडावा म्हणून. चांद्याला तसंच करतात. पट्टा विझवला, पाणी मारलं, राखेला हात लावून पाहिला, असं तो हळू आवाजात सांगत राहिला. चुकलं कुठं, तेवढंच त्याला उमगत नव्हतं.

मनकर्णानं पायानं राख उकरली. एक करपलेली चकती वर आली.

"तुमच्या सागवानात गुरं सोडत्यात का?"

"राखीव जंगलात नाही."

"हितं गावाची समदी गुरं चरत्यात. शेण माळावरच वाळतं, ती ही रानगोवरी. वरून गार लागती, पोटात तीन-तीन दिवस विस्तव ऱ्हातो. आमी बाया ह्याच येचून चूल पेटवतो... आमाला इचारायचं व्हतं."

तो तिथंच खाली बसला. तीही बसली, हातभर अंतरावर. वाऱ्यानं राख उडून दोघांच्या पायांवर बसत होती.

"माझं नाव लिहिलं की मी इथं नसेन, मनकर्णा."

नुसतं नाव... पहिल्यांदाच. एकीकडं बाप, एकीकडं हा — आणि मध्ये एक कागद.

"लिवा," ती म्हणाली. "तुमचंच लिवा." मग मान न वळवता, "आन् जिथं धाडतील तिथला पत्ता मला द्या. मी येते."

"तिथं रानगोवऱ्या नसतील."

"चूल तर असंल."

बन्सीधरचा कबुलीजबाब आदल्या दिवशीच, दुपारच्या टपालानं, जिंतूरच्या फॉरेस्ट कचेरीला गेला होता.