कृमीच्या आतलं कुणी

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, आणि पावसानं पाठ फिरवली होती. निलंग्याजवळच्या आटत्या तळ्याकाठी महानंदा अभ्यासासाठी गोगलगायी वेचत होती.

"त्या पाण्यात हात घालू नका!"

ती दचकली. मागं मेलेल्या मेंढीपाशी एक तरुण बसला होता. जनावरांचा नवा डॉक्टर, नांदेडचा अवधूत.

"का? मेंढीला झालं ते मला होईल?"

"झालं तर... मला फक्त मेंढ्यांचं औषध येतं."

ती खुदकन हसली. मेंढीच्या यकृतातला एक चपटा कृमी त्यानं बाटलीत घालून तिला दिला. पांढुरका, फुगलेला, जिवंत.

दुपारी तिच्या लातूरच्या कॉलेजात दोघं सूक्ष्मदर्शकाशी बसले. कृमीच्या आत आतडं नव्हतं, अंडी नव्हती. नुसते लांबट, चकाकते दाणे... खच्चून भरलेले. तरी तो वळवळत होता.

"आत ह्याचं सोताचं काहीच उरलं न्हाई," ती पुटपुटली. "मग ह्याला हालवतंय कोण?"

अवधूत वाकला. त्याचा श्वास तिच्या कानाशी थबकला.

पुढं हैदराबादच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकातून काढलेले फोटो अवधूतच्या लातूरच्या दवाखान्यात आले. प्रत्येक दाण्यात वेटोळं घातलेला दोरा होता.

"हा दाणा म्हणजे कृमीच्या आत जगणारा दुसरा जीव. दोरा शेजारच्या पेशीत टोचतो," अवधूत म्हणाला, "आणि त्यातून हा सगळाच्या सगळा आत उतरतो. ही बघा कृमीची पेशी... आपली सगळी ताकद त्याच्याभोवती गोळा करून बसलीय."

"तिला कळतही नसंल," महानंदाचा आवाज खोल गेला. "डॉक्टर, मी रोज इकडं येते. ठरवून न्हाई... पायच येतात. मला भ्या वाटतं."

त्यानं फोटो पालथा ठेवला. "मग नका येऊ. घरी जा. तिथं काय वाटतं ते बघा."

निलंग्यात घरी तिच्या वडिलांनी, अप्पांनी, उदगीरचं स्थळ आणलं होतं. तिनं चहा दिला, मान खाली घातली, हसलीही. सहज समोरच्या आरशात नजर गेली आणि अंगावर काटा आला. ते हसणारं तोंड तिच्या ओळखीचं नव्हतं. तिच्यात बसून दुसरंच कुणी हसत होतं.

दुसऱ्या दिवशी ती लातूरला अवधूतच्या दवाखान्याच्या दारात उभी राहिली.

"अप्पांना सांगून आले. लगीन करीन तर ढोरांच्या डॉक्टरशीच."

त्याच्या हातातली बाटली तशीच राहिली. "मी... तुमच्यातला नाही, महानंदा."

"ते बी सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

"काहीच न्हाई." तिचे डोळे भरून आले. "माझी पिशवी उचलली... अन् लातूरच्या एसटीत बसवून दिलं."